थिओडोलाइटने वर्तुळाकार वळणाची आखणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ता, लोहमार्ग किंवा कालवा कागदावर वळवायला कंपास पुरतो. जमिनीवर तेच वळण उतरवताना पदविकेचे विद्यार्थी आणि साइटवर नव्याने आलेले अभियंते बहुतेक त्याच त्या जागी अडतात. तिथले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकाच उदाहरणाला धरून दिली आहेत. वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

विहिरीचा घेर आखताना मधोमध खुंटी ठोकून दोरी फिरवतात. रस्त्याच्या वळणाला तसं का करत नाहीत?

कारण मधोमध जाताच येत नाही. विहिरीची त्रिज्या तीन-चार मीटर असते, रस्त्याच्या वळणाची तीनशे-चारशे मीटर. मग वळणाचा केंद्रबिंदू कुणाच्या उसात पडतो, डोंगराच्या पोटात जातो किंवा दरीवर अधांतरी राहतो. आणि चारशे मीटरची दोरी ताणून सरळ कोण धरणार? म्हणून केंद्राला हातही न लावता, वळण जिथून सुरू होतं त्या बिंदूवर उभं राहून ते आखावं लागतं. थिओडोलाइट, म्हणजे दुर्बिणीतून पाहून कोन मोजणारं यंत्र, आणि टेप एवढ्यावर हे जमतं.

यामागे नेमकं कोणतं गणित आहे?

दहावीच्या भूमितीतलं. स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय आठवा: स्पर्शबिंदूतून काढलेली जीवा आणि स्पर्शिका यांच्यातला कोन, त्या जीवेने केंद्राशी केलेल्या कोनाच्या निम्मा असतो. परीक्षेपुरतं पाठ करून बहुतेकांनी ते सोडून दिलेलं असतं. पण वळणाची सगळी आखणी या एका वाक्यावर उभी आहे.

वळण जिथे सुरू होतं तो बिंदू टी१ म्हणू. तिथे यंत्र लावून सरळ रस्त्याची पुढे वाढवलेली रेषा, म्हणजे स्पर्शिका, पकडायची. वक्रावरची पहिली खुंटी टी१ पासून २० मीटरच्या कंसावर हवी असेल, तर केंद्राशी होणारा कोन २० ÷ त्रिज्या इतके रेडियन. दुर्बीण त्याच्या निम्म्या कोनातून फिरवायची. या निम्म्या कोनाला डिफ्लेक्शन म्हणतात. मिनिटांत ते असं येतं:

डिफ्लेक्शन (मिनिटांत) = १७१८.८७ × जीवा ÷ त्रिज्या

१७१८.८७ म्हणजे ५४०० भागिले पाय. हा आकडा पाठ करण्यापेक्षा कुठून आला ते एकदा स्वतः काढून पाहा. साइटवर तो विसरलात तरी मग अडत नाही.

याला 'रँकिनची पद्धत' का म्हणतात?

विल्यम जॉन मॅक्वॉर्न रँकिन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावावरून. वाफेच्या यंत्रांच्या अभ्यासातलं रँकिन चक्र ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तोच हा. तरुणपणी तो आयर्लंडमध्ये जॉन मॅकनील यांच्या हाताखाली उमेदवारी करत होता. तिथे लोहमार्गाचं काम करताना त्याने ही रीत बसवली. त्याच सुमारास इतर अभियंतेही ती वापरत होते आणि १८६० च्या दशकात 'आधी कोणी' यावरून थोडा वादही झाला होता. नाव मात्र रँकिनचं राहिलं.

आखणीआधी हातात काय काय हवं?

तीन गोष्टी. पहिली, दोन्ही सरळ रस्ते वाढवल्यावर जिथे भेटतात तो आय बिंदू आणि त्याचं चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून रस्त्याच्या रेषेवर मोजलेलं अंतर. दुसरी, तिथला वळणकोन, म्हणजे पहिली दिशा सोडून दुसरी धरताना जितकं वळावं लागतं तो कोन. तिसरी, त्रिज्या. त्रिज्या आराखड्यातून मिळते. वळणकोन मात्र जागेवर दोन्ही फेसवर (एकदा दुर्बीण सुलट, एकदा उलटी ठेवून) स्वतः मोजा. नकाशावरून उचललेला वळणकोन आणि जमिनीवरचा वळणकोन यांत काही मिनिटांचा फरक असेल तर पुढचं सगळं त्याच प्रमाणात सरकतं, आणि ते कळतं ते थेट शेवटच्या खुंटीला.

काही जण त्रिज्या सांगतात, काही '४ अंशांचं वळण' म्हणतात. दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

ठरावीक लांबीच्या जीवेने केंद्राशी केलेला कोन म्हणजे वळणाचा अंश. गोंधळ होतो तो 'ठरावीक लांबी'वरून. ३० मीटर जीवा धरली तर त्रिज्या = १७१९ ÷ अंश, २० मीटर धरली तर ११४६ ÷ अंश. भारतीय रेल्वेत १७५० ÷ अंश वापरतात, कारण जुन्या शंभर फुटांच्या हिशेबामुळे तिथे जीवा ३०.५ मीटरची आहे. म्हणून कोणी नुसतं अंशात सांगितलं तर जीवा कितीची ते आधी विचारा.

अंदाज येण्यासाठी: ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं वळण चालतं. कोकण रेल्वे आखताना किमान त्रिज्या १२५० मीटर धरली होती, म्हणजे फक्त १.४ अंश. सह्याद्रीच्या उतारावर इतकी मोठी त्रिज्या सांभाळायची म्हणजे डोंगराला वळसा घालता येत नाही, त्यातून आरपार जावं लागतं. त्या मार्गावर इतके बोगदे आणि पूल असण्यामागे हे एक मोठं कारण आहे. याउलट नेरळ-माथेरानची छोटी गाडी ६१० मिलिमीटर गेजमुळे डोंगराच्या अंगाला चिकटून, अगदी आखूड वळणं घेत चढते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल?

त्रिज्या ४०० मीटर, वळणकोन ३६ अंश, उजवीकडचं वळण, आय बिंदूचं चेनेज १२५४.६०० मीटर, खुंट्या दर २० मीटरवर.

स्पर्शिकेची लांबी = ४०० × टॅन १८° = १२९.९६८ मी.
वक्राची लांबी = पाय × ४०० × ३६ ÷ १८० = २५१.३२७ मी.
टी१ चं चेनेज = १२५४.६०० − १२९.९६८ = ११२४.६३२
टी२ (वळण संपतं तो बिंदू) चं चेनेज = ११२४.६३२ + २५१.३२७ = १३७५.९५९

टी२ चं चेनेज काढताना आय बिंदूच्या चेनेजमध्ये स्पर्शिकेची लांबी मिळवणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. रस्ता आय बिंदूवरून जातच नाही, वक्रावरून जातो. म्हणून टी१ मध्ये वक्राची लांबीच मिळवायची.

खुंट्या पूर्ण चेनेजवर हव्यात: ११४०, ११६०, ११८० अशा. म्हणून पहिली जीवा तुटक, १५.३६८ मीटरची. मग २० मीटरच्या ११ जीवा, आणि शेवटची पुन्हा तुटक, १५.९५९ मीटरची. बेरीज २५१.३२७ येते, म्हणजे हिशेब बरोबर.

पहिल्या जीवेचं डिफ्लेक्शन १° ०६′ ०२″, पूर्ण जीवेचं १° २५′ ५६.६″, शेवटच्या जीवेचं १° ०८′ ३४.७″. यंत्रावर लावायचे ते एकूण कोन:

११४० ला १° ०६′ ०२″
११६० ला २° ३१′ ५९″
११८० ला ३° ५७′ ५६″
१२०० ला ५° २३′ ५२″

असंच पुढे १३६० ला १६° ५१′ २५″ आणि टी२ ला १८° ००′ ००″. शेवटचा कोन वळणकोनाच्या बरोबर निम्मा आला पाहिजे. सेकंदभराचा फरक पूर्णांकनाचा असतो, त्याहून जास्त असेल तर तक्ता पुन्हा करा. बेरीज नेहमी मिनिटांच्या दशांशात करत जा आणि अंश-मिनिटं-सेकंद शेवटी बनवा, म्हणजे पूर्णांकनाची चूक साठत नाही.

जमिनीवर कामाचा क्रम कसा असावा?

आधी टी१ आणि टी२ दोन्ही पक्के करा. आय बिंदूवर यंत्र लावून दोन्ही दिशांना १२९.९६८ मीटर मोजा आणि खुंटीवर खिळा मारा. टी२ वर वक्राच्या खुंट्या लावत लावत पोहोचायचं, असं करू नका. टी२ स्वतंत्रपणे आधीच जमिनीवर नसेल, तर वक्र चुकला की बरोबर आला हे सांगणारा साक्षीदारच राहत नाही.

आय बिंदूवरच असताना आणखी एक काम उरकून घ्या. दोन्ही स्पर्शिकांमधला आतला कोन १४४ अंश आहे. त्याचा दुभाजक, म्हणजे स्पर्शिकेपासून ७२ अंश, धरून २०.५८५ मीटर मोजा. तो वक्राचा शिरोबिंदू. त्याचं चेनेज १२५०.२९६ येतं आणि टी१ वरून तो ९ अंशांवर दिसायला हवा. ही खुंटी अर्ध्या वाटेवरची राखणदार आहे.

मग यंत्र टी१ वर. ओळंबा खिळ्यावर, बुडबुडा मध्यावर, शून्य वाचन ठेवून आय बिंदूवर नजर. वरचा स्क्रू सैल करून १° ०६′ ०२″ लावा. खलाशी, म्हणजे टेप धरणारा मदतनीस, टेपचं शून्य टी१ वर धरेल, दुसरा १५.३६८ वर रेंजिंग रॉड किंवा बाण धरून टेप ताणून हळूहळू सरकेल, आणि तुम्ही दुर्बिणीतून त्याला रेषेवर आणाल. तिथे पहिली खुंटी. पुढच्या खुंटीला कोन २° ३१′ ५९″, पण टेप आता पहिल्या खुंटीपासून २० मीटर. कोन दर वेळी टी१ वरून, अंतर दर वेळी मागच्या खुंटीवरून. या पद्धतीची सोय यात आहे आणि दुबळेपणाही यातच आहे, कारण टेपची चूक पुढच्या खुंटीकडे जात राहते.

खुंटी ठोकल्यावर तिच्या माथ्यावर पुन्हा नजर टाका. ठोकताना ती हलते. दर चार-पाच खुंट्यांनंतर आय बिंदूकडे परत दुर्बीण वळवून शून्य येतंय का पाहा. उन्हात, वाऱ्यात, मऊ जमिनीत तिपाई जागची सरकते आणि सरकताना आवाज करत नाही.

वळण डावीकडे असेल तर?

प्रत्येक कोन ३६० मधून वजा करा. पहिली खुंटी ३५८° ५३′ ५८″ वर. पूर्ण तक्ता घरूनच तसा करून न्या. साइटवर तोंडी वजाबाकी करू नका.

जीवा किती लांब घ्यावी? २० मीटर नेहमी चालते का?

नाही. आपण सूत्रात कंसाची लांबी वापरतो आणि जमिनीवर सरळ जीवा मोजतो. दोन्हींतला फरक जीवेच्या घनाला २४ × त्रिज्येच्या वर्गाने भागलं की येतो. ४०० मीटर त्रिज्येला २० मीटरसाठी तो २ मिलिमीटर. ११ जीवांत मिळून २३ मिलिमीटर, म्हणजे मातीकामाला काहीच नाही. पण त्रिज्या १०० मीटर असेल तर तोच फरक एका जीवेला ३३ मिलिमीटर होतो आणि पाच-सहा खुंट्यांत वीत होते. म्हणून जीवा त्रिज्येच्या विसाव्या भागापेक्षा मोठी नको, असा साधा नियम पाळतात. घाटातल्या आखूड वळणाला १० किंवा ५ मीटरवर खुंट्या मारा. काम थोडं वाढतं, पण खडी अंथरणाऱ्यालाही गोलाई नीट दिसते.

शेवटची जीवा मोजली आणि टी२ च्या खुंटीवर आलोच नाही. आता काय करायचं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यांत चुकीची उत्तरंही याचीच दिली जातात.

आधी चूक कुठल्या जातीची आहे ते ओळखा. दुर्बीण १८° ००′ ००″ वर लावा आणि टी२ कडे पाहा. टी२ चा खिळा नजररेषेवर आहे का?

खिळा रेषेवर असेल, पण १३६० च्या खुंटीपासूनचं अंतर १५.९५९ येत नसेल, तर कोन ठीक आहेत आणि दोष टेपचा आहे. कुठलीतरी जीवा चुकीची मोजली गेली आहे. नजररेषा प्रत्येक खुंटीला आपल्यावर धरून ठेवते, म्हणून टेपची चूक आडवी पसरत नाही, नजरेच्या दिशेनेच पुढे किंवा मागे ढकलत जाते.

खिळा रेषेवरच नसेल, तर टेपला दोष देऊ नका. यंत्राचा पाया सरकला आहे, किंवा वळणकोन चुकीचा मोजला आहे, किंवा टी१-टी२ पैकी एक खुंटी चुकीच्या जागी आहे. आय बिंदूपासून पुन्हा सुरुवात.

टेपची चूक कशी सापडते ते माझ्या अनुभवावरून सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षात एका जिल्हा मार्गाच्या वळणावर शेवटची जीवा जवळपास ४० सेंटिमीटरने जुळत नव्हती. खिळा नजररेषेवर अचूक होता. संध्याकाळ होत आली होती, आणि 'शेवटच्या चार खुंट्यांत वाटून टाक' असं मला सांगण्यात आलं. मी वाटून टाकलं. पावसाळ्यानंतर डांबर पडलं, कडेला पांढरी पट्टी मारली गेली, आणि रात्री गाडीच्या उजेडात त्या पट्टीतला मोड मला स्वच्छ दिसला. वहीत परत पाहिलं तेव्हा कळलं की त्या चार खुंट्या जेवणानंतरच्या होत्या. जेवणानंतर टेपचं टोक धरणारा माणूस बदलला होता. आधीच्या कामावर टेपची कडी तुटलेली असल्यामुळे त्याला १० सेंटिमीटरची खूण खुंटीवर धरायची सवय होती, आणि मी पुढे २० च मोजत होतो. चार जीवा, प्रत्येकी १० सेंटिमीटर आखूड. चूक वाटायची नव्हती, त्या चार खुंट्या उपटून परत मारायच्या होत्या. त्यात फार तर तास गेला असता. त्या माणसाची काही चूक नव्हती. शून्य कुठे धरायचं हे मी त्याला सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

दोन-तीन सेंटिमीटरचा फरक, तोही लांब वक्राला, शेवटच्या काही खुंट्यांत वाटला तर मातीकामाला बिघडत नाही. त्यापुढे कारण सापडेपर्यंत वाटणी करू नका.

टी१ वरून पुढच्या खुंट्या दिसतच नाहीत. मध्ये झाडं किंवा टेकाड आहे. पुन्हा सगळा हिशेब करायचा का?

अजिबात नाही, आणि या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. समजा ११८० ची खुंटी बरोबर बसली आहे आणि पुढचं दिसत नाही. यंत्र उचलून ११८० वर लावा. वाचन शून्य ठेवून मागे टी१ वर नजर लावा. दुर्बीण उभ्या पातळीत उलटी करा. आता ती टी१ पासून आलेल्या जीवेच्या पुढच्या दिशेला पाहते आहे आणि वाचन अजून शून्यच आहे. तिथून १२०० साठी तोच तक्त्यातला कोन लावा: ५° २३′ ५२″. टेप ११८० पासून २० मीटर. नवा हिशेब शून्य.

हे चालतं कारण जीवा तिच्या दोन्ही टोकांच्या स्पर्शिकांशी सारखाच कोन करते. दुर्बीण ३° ५७′ ५६″ वर आली की ती ११८० च्या स्पर्शिकेवर असते, आणि तिथून पुढे आणखी १° २५′ ५६.६″ म्हणजे पुढची खुंटी.

सावधगिरी एकच. दुर्बीण उलटी करताना कॉलिमेशनचा दोष (नजररेषा दुर्बिणीच्या आडव्या अक्षाला काटकोनात नसणं) दुप्पट होऊन त्या दिशेत शिरतो. यंत्राचं समायोजन पक्कं नसेल तर दोन्ही फेसवर करून मधला बिंदू घ्या.

घाटात टेप सरळ पडतच नाही. दुसरा मार्ग आहे?

टेप उतारावर टेकवून मोजली तर काय होतं ते आधी पाहा. १० ला १ चढावर २० मीटर टेप टेकवली की आडवं अंतर १९.९० मीटर भरतं. एका जीवेला १० सेंटिमीटर! म्हणून टेप आडवी ताणून, अधांतरी राहिलेल्या टोकापासून ओळंबा सोडून, लागलं तर पाच-पाच मीटरच्या पायऱ्यांनी मोजतात.

तेही जमत नसेल तर दोन थिओडोलाइटची पद्धत आहे. यात टेप लागतच नाही. एक यंत्र टी१ वर, शून्य आय बिंदूकडे. दुसरं टी२ वर, शून्य टी१ कडे. उजव्या वळणात दोन्ही यंत्रं घड्याळाच्या दिशेने एकाच कोनातून फिरवायची. ११८० साठी दोन्हींवर ३° ५७′ ५६″. दोन नजररेषा जिथे छेदतात तिथे खुंटी. इथेही तेच प्रमेय: स्पर्शिका-जीवा कोन हा विरुद्ध बाजूच्या आंतरलिखित कोनाएवढा असतो. प्रत्येक खुंटी स्वतंत्र असल्यामुळे चूक पुढे वाहत नाही. दोन यंत्रं, दोन निरीक्षक आणि एकमेकांना नीट समजणाऱ्या खुणा मात्र हव्यात. दोन रेषा प्रत्येक खुंटीवर सारख्याच, आपल्या उदाहरणात १८ अंशांच्या निमुळत्या कोनात छेदतात, म्हणून सगळ्याच खुंट्या जपून लावा.

आय बिंदू नदीत किंवा कुणाच्या घरात पडला तर?

पहिल्या सरळ रेषेवर क आणि दुसऱ्या सरळ रेषेवर ख असे दोन बिंदू घ्या, जे एकमेकांना दिसतात आणि ज्यांच्यामधलं अंतर मोजता येतं. क-ख रेषेने प्रत्येक स्पर्शिकेशी केलेला कोन मोजा. आपल्या उदाहरणात क-ख १८० मीटर, क ला १४ अंश आणि ख ला २२ अंश आले असं धरा. बेरीज ३६, हाच वळणकोन. साइनच्या नियमाने क पासून आय = १८० × साइन २२° ÷ साइन ३६° = ११४.७१७ मीटर, ख पासून आय = ७४.०८५ मीटर. स्पर्शिका १२९.९६८ मीटरची, म्हणून टी१ क च्या १५.२५१ मीटर मागे आणि टी२ ख च्या ५५.८८३ मीटर पुढे. आय बिंदूला कोणी हातही लावला नाही. शिरोबिंदूची राखणदार खुंटी इथे मिळत नाही, म्हणून टी१ वरून टी२ वर १८ अंशांनी नजर येते का आणि दोन्हींमधली लांब जीवा २४७.२१४ मीटर भरते का, हे दोन्ही तपासा.

कॉलेजातलं २० सेकंदांचं व्हर्नियर यंत्र या कामाला पुरतं का?

पुरतं. २० सेकंदांची चूक १०० मीटरवर जेमतेम १ सेंटिमीटर होते. तक्त्यातले सेकंद मग जवळच्या २० ला पूर्ण करा, पण एकूण कोनाचे करा, प्रत्येक जीवेचे आधी पूर्ण करून बेरीज करू नका. लघुत्तम मापापेक्षा, म्हणजे यंत्रावर वाचता येणाऱ्या सर्वांत लहान कोनापेक्षा, ओळंबा खिळ्यापासून बाजूला असणं जास्त महाग पडतं.

संक्रमण वक्र असेल तर ही पद्धत बाद होते का?

मधल्या वर्तुळाकार भागाला हीच राहते. सरळ रेषा आणि वर्तुळ यांच्यामध्ये हळूहळू वळत जाणारा तुकडा घालतात. भारतीय रेल्वेत तो घन पॅराबोला असतो, रस्त्यांना सर्पिल. तो बसावा म्हणून मूळ वर्तुळ थोडं आत सरकतं: संक्रमणाच्या लांबीचा वर्ग भागिले २४ × त्रिज्या. ६० मीटर संक्रमण आणि ४०० मीटर त्रिज्या असेल तर ३७.५ सेंटिमीटर. त्याचे कोन वेगळ्या सूत्राने येतात, तो स्वतंत्र विषय आहे.

टोटल स्टेशन असताना हे सगळं कशाला शिकायचं?

टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजणाऱ्या यंत्राने, आखणी चांगली होते, यात वाद नाही. ११८० ची खुंटी टी१ वरून ३° ५७′ ५६″ आणि थेट ५५.३२४ मीटरवर (२ × त्रिज्या × साइन डिफ्लेक्शन) लावता येते, मागच्या खुंटीवर अवलंबून राहावं लागत नाही. यंत्र टी१ वर लावायचीही गरज नाही, सहनिर्देशक भरले की कुठल्याही नियंत्रण बिंदूवरून काम होतं. मीही आता तसंच करतो.

पण स्क्रीनवरचा आकडा चुकीचा भरला गेला तर यंत्र तितक्याच निष्ठेने चुकीची जागा दाखवतं. त्रिज्या ४०० ऐवजी ४४० पडली, डाव्या वळणाला उजवं चिन्ह लागलं, तर ते थांबवणारं कोणी नसतं. ज्याने एकदा हा तक्ता हाताने केला आहे, त्याला शेवटचा कोन वळणकोनाच्या निम्मा का नाही हे लगेच खटकतं. शिकायचं ते या खटकण्यासाठी.

खुंट्या लागल्या. यंत्र परत गेलं. आता वळण बरोबर आहे का हे कसं तपासू?

दोरीने. रेल्वेत रुळांची वळणं अशीच तपासतात: २० मीटरची दोरी रुळाच्या कडेला ताणायची आणि मधोमध रुळापर्यंतचं अंतर मोजायचं. त्याला व्हर्साइन म्हणतात. मिलिमीटरमध्ये ते ५०,००० ÷ त्रिज्या येतं. ४०० मीटरला १२५ मिलिमीटर.

खुंट्यांना हेच लावा. एक सोडून एक अशा दोन खुंट्यांवर दोरी ताणा, म्हणजे जीवा ४० मीटर. मधली खुंटी दोरीपासून ५० सेंटिमीटरवर असली पाहिजे. ११४० ते ११८० वर दोरी, ११६० ची खुंटी मोजा. मग ११६० ते १२००, असं पुढे जा. प्रत्येक ठिकाणी ५० च्या आसपास यायला हवं. एखाद्या ठिकाणी ५८ आणि तिच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे ४६-४६ आलं, तर मधली ती एक खुंटी ८ सेंटिमीटर बाहेर आहे, कारण खुंटी सरकली की तिच्या जागी पूर्ण फरक दिसतो आणि शेजारी उलट दिशेने निम्मा. टोकांच्या तुटक जीवांना हा हिशेब लागू नाही, तिथे फसू नका. खुंट्या मारल्या त्याच दिवशी, जेसीबी येण्याआधी, दोन माणसं आणि एक नायलॉनची दोरी घेऊन ही फेरी मारून या.